घरबसल्या विद्या आणि तिचे मोल

विद्यार्थ्याचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी फारसा कोणी विचारीत नसे. कारण त्याचे उत्तर सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर असे. घरची गरिबी असलेला मुलगा शिकण्यासाठी परगावी गेला की तो सात घरी सात वार लावी. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असे करीत आठवड्याचे जेवण पुरे होई. ज्याला सातही वार मिळत नसत, तो उरलेल्या दिवशी माधुकरी मागे. निजण्यास एखाद्या देवळाची ओवरी असे. ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीत मिंधेपणा होता, पंक्तिप्रपंच होता. ती बहुधा ठरावीक जातींच्या मुलांपुरतीच होती आणि मुलींचा तर तीत विचारही नव्हता. तथापि तिच्यात एक गुण होता. एका मुलाच्या शिक्षणाला काय लागते, हे सात घरांना ठाऊक असे; आणि ज्या घराने वार दिला, ते घर वर्षाअखेर त्याचा निकालही विचारीत असे.

आज विद्यार्थ्याला गाव सोडावे लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर रोज नवी जाहिरात उमटते, आणि तीत बहुधा एक शब्द ठळक अक्षरांत असतो : ‘घरबसल्या’. घरबसल्या पदवी, घरबसल्या प्रवेश, घरबसल्या हप्ते. आम्हा वकील मंडळींना शब्द उलटसुलट करून पाहण्याची खोड असते. ‘घरबसल्या’ म्हणजे नेमके कोणाच्या घरी, कोणत्या वेळी, आणि ती बसली असता तिच्या वाट्याचे काम कोण करते, असे प्रश्न माझ्या मनात येऊ लागले. गेल्या काही वर्षांत ते माझ्या घरात, माझ्या कचेरीत आणि आमच्या देवस्थानच्या सभेत अशा तीन ठिकाणी माझ्यापुढे उभे राहिले. त्यांविषयी चार शब्द लिहावेत, असे वाटते.

विद्येसाठी घर सोडणे ही गोमंतकीयांना नवी गोष्ट नाही. पोर्तुगीज अमदानीत पणजीस १८४२ पासून वैद्यकाची शाळा होती, लिसेव होते. परंतु कला-विज्ञानाचे महाविद्यालय गोवा मुक्त होईपर्यंत येथे नव्हते. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती मिळाली आणि १९६२ साली पणजीचे धेंपे व मडगावचे चौगुले अशी दोन महाविद्यालये निघाली. गोवा विद्यापीठ त्यानंतर तेवीस वर्षांनी, १९८५ साली झाले. त्यापूर्वी ज्याला शिकायचे असे, त्याने बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठायची. माझे आजोबा चाळिशीच्या दशकात कुळ्याहून आगगाडीने लोंढ्यामार्गे बेळगावला गेले ते असेच, आणि तेथे ते वारांवर जेवले. पुढे मीही कायदा शिकण्यासाठी बेळगावलाच गेलो. पण माझ्या नावाने वडिलांचे पैसे दरमहा येत आणि मी खाणावळीत जेवत असे. आजोबांना सातही घरांची नावे म्हातारपणापर्यंत पाठ होती. मला त्या खाणावळवाल्याचे नाव आज आठवत नाही.

घर न सोडता शिकण्याची सोयही आजकालची नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ सालीच टपालाने पदवीचे शिक्षण देण्यास आरंभ केला. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेत निघाले. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झाले, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. मात्र राज्याच्या मुक्त विद्यापीठाने आपल्या राज्यापुरतेच काम करावे, असा दूरशिक्षणाचा दंडक आहे. त्यामुळे मराठीतून शिकवणारे विद्यापीठ नाशिकला असले, तरी बेळगावच्या, इंदूरच्या किंवा बडोद्याच्या मराठी माणसाला आपल्या गावी त्याचे अभ्यासकेंद्र मिळण्याची सोय नव्हती. ऑनलाइन शिक्षणाने ही सीमारेषा पुसली. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी प्रथम २०१८ साली नियम केले आणि २०२० साली दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण ह्या दोहोंचे एकत्रित नियम आणले. ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रादेशिक हद्द नाही. आणि मान्यताप्राप्त संस्थेने रीतसर दिलेली ऑनलाइन पदवी वर्गात बसून मिळवलेल्या पदवीशी समतुल्य आहे, हे त्या नियमांनी स्पष्ट केले. सीमाभागातील आणि बृहन्महाराष्ट्रातील आपल्या समाजाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. (काही विद्यांना मात्र हा दरवाजा बंद आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या ह्यांबरोबर कायद्याचेही नाव त्या यादीत आहे. माझी विद्या आजही वर्गात बसूनच घ्यावी लागते.)

आता घरची गोष्ट सांगतो. माझी वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली, तेव्हा ती बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होती. ते वर्ष तसेच राहिले. पुढे दोन मुलगे झाले, सासू-सासऱ्यांची आजारपणे झाली, आणि वीस वर्षे गेली. तीन वर्षांपूर्वी तिने कोणाला फारसे न सांगता एका विद्यापीठाच्या ऑनलाइन बी. ए. ला पहिल्यापासून नाव घातले. तीन वर्षांची फी मिळून सत्तर हजारांच्या घरात जात होती. ती दर सत्राला भरायची. पहिल्या सत्राचे पैसे तिने स्वतःच्या गाठीचे भरले. दर उन्हाळ्यात ती सोलां आणि फणसाचे पापड करून विकते. त्याचे पैसे सहकारी पतसंस्थेत साठवलेले होते. मुलाचा जुना लॅपटॉप दुरुस्त करून घेतला, इंटरनेटची जोडणी आधीच होती. म्हणजे जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे सर्व काही जमले. आता फक्त घरी बसून शिकायचे होते.

पण घरी बसायला वेळ कोठे होता? आयोगाच्या नियमांत एका श्रेयांकासाठी विद्यार्थ्याने किमान तीस तास अभ्यास करावा, असे धरलेले आहे. तीन वर्षांच्या पदवीला एकशे वीस श्रेयांक लागतात. वाचकांनी गुणाकार करून पाहावा : तीन हजार सहाशे तास होतात. तीन वर्षांत ते वाटले, तर रविवार, एकादशी आणि चवथ ह्यांपैकी काहीही न वगळता रोजचे सव्वातीन तास येतात. फीचा आकडा पावतीवर छापलेला होता. सव्वातीन तासांचा आकडा कोणत्याही पावतीवर नव्हता, आणि तो कोणी भरावयाचा, हे घरात कोणी बोललेही नव्हते. महाविद्यालयात जाणारी मुलगी सकाळी वह्या घेऊन घराबाहेर पडते. तेवढा वेळ ती घरात नाही, हे सगळे मानतात. घरात बसून शिकणाऱ्या बाईला मात्र दार वाजले की उठावे लागते. एकदा वहिनी मला म्हणाली, “घरा बसून शिकता म्हळ्यार लोकांक दिसता, ही सुशेगाद बसल्या.” ती हसत म्हणाली होती, पण मला ते वाक्य एखाद्या साक्षीतल्या उत्तरासारखे लक्षात राहिले.

पहिल्या वर्षी स्वाध्याय देण्याची शेवटची तारीख नेमकी चवथीच्या दुसऱ्या दिवशी आली. दूर कोठे तरी बसलेल्या विद्यापीठाला आमची चवथ काय ठाऊक? घरात माटोळी बांधायची, पाहुण्यांचे करायचे, नेवऱ्या तळायच्या. हे सर्व आटोपून तिने रात्री एक वाजता स्वाध्याय पाठवले. परीक्षेच्या वेळी आणखी एक प्रसंग आला. परीक्षा घरून द्यावयाची होती. कॅमेऱ्यासमोर तीन तास एकटे बसायचे, खोलीत दुसरे माणूस दिसता कामा नये, बाहेरचा आवाजही येता कामा नये. आमच्या घरात दार लागते आणि इंटरनेटही नीट मिळते, अशी एकच खोली, आणि देवघराची वाट तिच्यातून. माझ्या आईची पूजेची वेळ चाळीस वर्षांत कधी चुकलेली नाही. त्या दिवशी आईने पहाटे साडेचारला उठून पूजा आटोपली आणि नऊ ते बारा ती खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोटाने गप्प करीत होती. तिचे स्वतःचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे आहे. पुढे भावाने संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस आपल्याकडे घेतला, आणि मुले आपली भांडी आपण घासू लागली. हे सगळे एका दिवसात झाले नाही. वर्ष लागले, आणि मध्ये बोलाचालीही झाल्या. पण सव्वातीन तासांचे ऋण घरात वाटले गेले, तेव्हा कोठे तिचे शिक्षण मार्गी लागले.

घरात निदान माणसे एकमेकांना दिसतात. कचेरीत आलेली दुसरी हकिकत वेगळी आहे. आमच्या देवळाच्या पायऱ्यांशी फुलांच्या वेण्या विकणाऱ्या एक बाई एके दिवशी आपल्या मुलाला घेऊन आल्या. “वकीलबाब, हे कागद मातशे पळयात,” असे म्हणून त्यांनी सतरा पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मुलगा बी. कॉम. झालेला. त्याला एका ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपनीचा फोन आला होता. नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम, पुढे नोकरीची हमी, फी एक लाख वीस हजार. आणि ती एकदम भरण्याची गरज नाही, दरमहा पाच हजारांचे चोवीस ‘बिनव्याजी हप्ते’. फोनवरचा माणूस ‘आजच जागा शिल्लक आहेत’ असे सांगत राहिला. मुलाने त्याच बैठकीत ओटीपी सांगितला, आईच्या मोबाइलवरचा ओटीपीही सांगितला आणि प्रवेश झाला. तीन महिने वर्ग झाले, मग शिकवणारे बदलले, मग वर्गच थांबले. हप्ता मात्र थांबला नाही.

सतरा पाने इंग्रजीत होती. ती वाचल्यावर जे दिसले, ते असे. तेथे एक नव्हे, दोन करार होते. एक शिकवणाऱ्या कंपनीशी, आणि दुसरा एका वित्तसंस्थेशी. ज्याला मुलगा ‘फीचे हप्ते’ समजत होता, ते कर्ज होते. कर्जदार मुलगा होता आणि सहकर्जदार त्याची आई. वित्तसंस्थेने सगळी रक्कम प्रवेशाच्या आठवड्यातच कंपनीला देऊन टाकली होती. त्यामुळे शिकवणे थांबले, तरी कंपनीचे काही अडत नव्हते. आणि वित्तसंस्था म्हणत होती की शिकवण्याशी आमचा संबंध नाही. दिवसाला दोनशे-तीनशे रुपयांच्या वेण्या विकणारी बाई दोन वर्षांच्या कर्जाला बांधली गेली होती, आणि कर्ज हा शब्द त्या व्यवहारात तिच्या कानावर एकदाही पडला नव्हता.

आम्ही दोन्ही ठिकाणी नोटिसा पाठवल्या. वित्तसंस्थेकडून धड उत्तर येईना, तेव्हा रिझर्व्ह बँकेने २०२१ साली सुरू केलेल्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार केली. त्या योजनेत तक्रारीला फी नव्हती, आणि वकिलामार्फत तक्रार चालत नव्हती; तेव्हा अर्ज मुलानेच लिहिला, मी फक्त वाचून दिला. अखेर उरलेले हप्ते माफ करण्यास वित्तसंस्था तयार झाली. भरलेले पाच हप्ते, म्हणजे पंचवीस हजार रुपये, परत आले नाहीत. बाईंनी त्याबद्दल कुरकुर केली नाही. “शिकप तरी पुराय जावपाक जाय आशिल्लें,” एवढेच त्या म्हणाल्या.

ह्या प्रकारांत कायदा कोठवर सोबत करतो, हे वाचकांस सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्या संस्था नुसती शिकवणी देतात आणि पदवी देत नाहीत, त्यांच्याविरुद्ध ग्राहक म्हणून दाद मागता येते; राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मधील एका निर्णयात शिकवणी वर्गांना ग्राहक कायद्याखाली धरले आहे. त्याच निर्णयाने शिक्षणसंस्था म्हणून काम करणाऱ्या विद्यापीठांना मात्र त्या कायद्याबाहेर ठेवले. डिजिटल कर्जाविषयी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घातले आणि २०२५ साली ते नव्या निदेशांत एकत्र केले. कर्जाचा खरा वार्षिक दर व सर्व आकार दाखवणारे एक मुख्य तथ्य विवरण कर्जदारास दिलेच पाहिजे. आणि ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार देऊन त्याला दंडाविना कर्जातून बाहेर पडता आले पाहिजे. नियम चांगले आहेत. परंतु ते कागदावर असलेल्या माणसाला वाचवतात. फोनवर ओटीपी सांगून मोकळ्या झालेल्या माणसाला ती मुदत संपल्यावरच आठवते.

त्याहून मोठे संकट पदवीच्याच वैधतेचे असते. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांविषयी निकाल दिला. आवश्यक मान्यता न घेता ते अभ्यासक्रम चालवले होते. २००१ ते २००५ ह्या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित होऊन त्यांना पुन्हा परीक्षेला बसण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्या विद्यार्थ्यांच्या पदव्या रद्द झाल्या आणि त्यांची फी परत करण्याचा आदेश झाला. फी परत करता येते. ज्याने नोकरी सांभाळून रात्री जागून ती पदवी मिळवली होती, त्याची वर्षे परत करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही.

म्हणून कोणी माझ्याकडे ऑनलाइन प्रवेशाचा सल्ला विचारावयास आले, की मी त्यांस काही गोष्टी आधी करावयास सांगतो. पदवी कोणते विद्यापीठ देणार, हे पाहावे. जाहिरात करणाऱ्या कंपनीचे नाव पाहू नये. पदवीचे ऑनलाइन अभ्यासक्रम कंपन्यांशी फ्रँचायझीचा करार करून चालवता येत नाहीत, असा जाहीर इशारा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये दिलेला आहे. त्या विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम त्याच वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे की नाही, हे स्वतः उघडून पाहावे. विद्यापीठ मान्य असले म्हणजे त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असतो असे नव्हे. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याने त्या विभागाचा ओळखक्रमांक काढावा, असे आयोगाने ठरवले. तो काढताना ही तपासणी बरीचशी आपोआप होते. फी विद्यापीठाच्या खात्यातच भरावी. हप्ते विद्यापीठ स्वतः घेत आहे की त्यामागे एखादी वित्तसंस्था आहे, हे लेखी विचारावे. आणि एवढे करण्याआधी, ही विद्या खरोखर आपल्याला पेलते का हे स्वस्तात पाहून घ्यावे. भारत सरकारच्या ‘स्वयम्’ ह्या व्यासपीठावर २०१७ पासून विद्यापीठांचे अनेक अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असले, तरच फी पडते. मद्रासच्या आय. आय. टी. ने २०२० साली काढलेल्या ऑनलाइन पदवीतही आधी पात्रता सिद्ध करावी लागते, आणि मध्येच थांबणाऱ्यास शिकलेल्या टप्प्याचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. जी संस्था प्रवेशाची घाई करते तिच्यापेक्षा जी संस्था तुम्हाला तपासून घेते, तिच्यावर विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट आमच्या देवस्थानची. आमच्याकडे गरजू विद्यार्थ्यांसाठी एक निधी आहे. त्याच्या नियमांत अर्जासोबत ‘नियमित वर्गास उपस्थित असल्याचा महाविद्यालयाचा दाखला’ जोडावा, अशी अट होती. नियम लिहिणाऱ्यांच्या काळी शिक्षण म्हणजे वर्ग हेच होते. त्यांत त्यांचा दोष नाही. दोन वर्षांपूर्वी एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा अर्ज आला. वडील अंथरुणाला खिळलेले. ती कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचे काम करीत होती आणि ऑनलाइन पदवीचे पहिले वर्ष शिकत होती. तिच्यापाशी तो दाखला असणे शक्यच नव्हते. कारकुनाने अर्ज बाजूला ठेवला होता.

विषय महाजनांच्या सभेत निघाला, तेव्हा एका ज्येष्ठांनी सरळ विचारले, “घरी बसून शिकणाऱ्याला मदत कशाची? बसभाडे नाही, खाणावळ नाही, गणवेश नाही.” त्यांचा प्रश्न कुत्सित नव्हता. देवाच्या पैशाचा हिशेब त्यांनी पंचवीस वर्षे काटेकोर ठेवलेला आहे, आणि तो १९३३ च्या देवस्थान कायद्याप्रमाणे मामलेदारांपुढे जात असतो. मी त्यांना सव्वातीन तासांचा हिशेब सांगितला. ती मुलगी परीक्षेच्या महिन्यात अर्ध्या पाळीने काम करते. तिचा खर्च बुडालेल्या मजुरीत आहे, म्हणून तो दिसत नाही. दुसऱ्या एका गृहस्थांना भीती होती की देवाचा पैसा एखाद्या खोट्या प्रमाणपत्राच्या दुकानात जाईल. ही भीती मात्र सर्वस्वी रास्त होती, आणि तिचा विचार करूनच नवा नियम लिहिला. दाखल्याऐवजी मान्यतेच्या यादीतील नोंद आणि ओळखक्रमांक पाहावा. मदत विद्यार्थ्याच्या हाती न देता थेट विद्यापीठाला द्यावी. आणि पुढच्या सत्राची मदत मागच्या सत्राचा निकाल पाहून द्यावी.

त्याच सभेत आणखी एक गोष्ट निघाली. उत्सव आणि जत्रेचे दिवस सोडले, तर आमच्या अग्रशाळेच्या बऱ्याच खोल्या वर्षभर बंद असतात. दूरदेशीच्या भक्तांना घरबसल्या दर्शन घडावे म्हणून देवळात चांगल्या गतीचे इंटरनेट केव्हाच आलेले आहे. तेव्हा अग्रशाळेची एक खोली रोज संध्याकाळच्या आरतीनंतर रात्री दहापर्यंत अभ्यासासाठी उघडी ठेवावी, असे ठरले. खोलीत दोन टेबले, चार खुर्च्या आणि एक पंखा आहे. एक निवृत्त शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि मी, असे तिघे आळीपाळीने शनिवारी तेथे बसतो. कोणी प्रवेशाचा किंवा कर्जाचा कागद आणला, तर तो त्यांच्या भाषेत त्यांना वाचून दाखवायचा, एवढेच आमचे काम. ज्येष्ठांनी ठरावाच्या विरुद्ध मत दिले. पण खोलीची किल्ली कोणाकडे राहावी असा प्रश्न आला, तेव्हा ती त्यांनीच ठेवून घेतली. पहिल्या वर्षी सहा जणांनी नावे घातली. त्यांपैकी एकाने मध्येच सोडले, दोघांचे विषय राहिले आहेत. कुंडईची मुलगी दुसऱ्या वर्षात गेली.

ऑनलाइन शिक्षणाने समाजाचा खर्च वाचवला, असे मला वाटत नाही. त्याने तो दिसेनासा केला. वसतिगृह गेले, खाणावळ गेली, रेल्वेचे भाडे गेले. त्यांच्या जागी रात्रीची जाग, बुडालेली पाळी, बंद दाराबाहेर बसलेली सासू आणि न वाचलेल्या कागदावरचा अंगठा आला. जो खर्च दिसत नाही, तो बहुधा घरातल्या सर्वांत गरीब किंवा सर्वांत मुकाट माणसाच्या माथी बसतो. तो दिसू लागला, तर वाटून घेता येतो. सात घरांनी एकेक दिवसाचे जेवण वाटून घेतले होते. आता एकाने तास द्यावा, एकाने खोली द्यावी, एकाने कागद वाचून द्यावा. निधी असलेल्या प्रत्येक देवस्थानाने आणि समाजसंस्थेने आपल्या नियमांतली दाखल्याची अट एकदा काढून वाचावी, एवढी माझी विनंती आहे. त्याला खर्च लागत नाही.

वहिनीची दोन सत्रे अजून राहिली आहेत. येत्या चवथीला तुमच्या घरीही पाहुणे जमतील, आणि कदाचित आतल्या खोलीत कोणी दार लोटून लॅपटॉपपुढे बसलेली असेल. तिला हाक मारण्याआधी चहाचा पेला आत नेऊन द्यावा, आणि कोणता विषय चालू आहे, एवढे विचारून बाहेर यावे.